अभ्रकाचा चौकोन

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला कुसुमक्का ओलं फडकं घेऊन गेमच्या मशीनपाशी गेली आणि पुढच्या क्षणी तीन फूट लांब, पायरीच्या कडेवर जाऊन आदळली. ओरडायलाही वेळ मिळाला नाही तिला. फडकं तेवढं हातात राहिलं. बोटं अशी आवळली होती की दवाखान्यात नर्सबाईंनी ते कात्रीनं कापून काढलं.

उणकल तलावाच्या अलीकडं संजीवकाकांचं कॅफे आहे. कॉफी मिळते, कटलेट मिळतं, पण लोक येतात ते चार जुन्या व्हिडिओ गेमांसाठी. माणसाएवढ्या उंच पेट्या, आत ढेरपोट्या काचेचा जुना मॉनिटर, पुढं दांडा आणि लाल बटणं. पोट सुटलेले काका लोक तिथं येऊन दांडा असा पिळतात, की घरी कुणी त्यांना बघितलं तर ओळखणार नाही! त्या चारांपैकी तिसरी पेटी वर्षभर बंद होती. तिचा मॉनिटर दुरुस्त करून दिला होता मुकुंदअण्णांनी.

कुसुमक्काला रिक्षात घातलं आणि संजीवकाकांनी मेन स्विच पाडला. कॅफेचं वायरिंग करणारा भीमसेन जवळच राहतो, तो धावत आला. त्यानं पेटीचं मागचं दार उघडलं, टॉर्च मारला, आणि चार माणसांत मोठ्यानं म्हणाला, "अय्यो! अभ्रकच नाही! म्हाताऱ्यानं अभ्रक लावलाच नाही की!"

मधल्या सुट्टीपर्यंत ही बातमी केशवापूरच्या शाळेत पोचली सुद्धा. दहावी ब मधल्या उत्तराचा डबा अजून उघडायचा होता.

"उत्तरा," शीतल म्हणाली, "तुझ्या आजोबांनी एका बाईला करंट दिला म्हणे?"

उत्तरा म्हणजे गेल्या महिन्यात सगळ्या शाळेसमोर वक्तृत्वाचं बक्षीस घेतलेली मुलगी. तेव्हापासून तिला कुणाचीच भीती वाटेनाशी झाली होती. "माझे आजोबा चाळीस वर्षं हे काम करतात," ती म्हणाली, "आधी नीट माहिती काढ, मग बोल."

ऐटीत म्हणाली खरी. संध्याकाळी घरी येऊन दप्तर न ठेवताच तिनं आजोबांना विचारलं, "अण्णा, तुम्ही अभ्रक लावला होता ना?"

अण्णा खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून, जणू ते दुसऱ्या कुणाचे हात आहेत.

"आठवत नाही गं," ते म्हणाले. "नसेल लावला."

२

आता हा अभ्रक म्हणजे काय, ते उत्तरा तुम्हाला झोपेतसुद्धा सांगेल. अण्णांचं दुकान घराखालच्याच गाळ्यात, आणि पाचवीपासून ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून सोल्डर वितळताना बघत आलेली.

मॉनिटरमध्ये व्होल्टेज रेग्युलेटर नावाचा एक काळा तुकडा असतो, काड्यापेटीपेक्षाही लहान. आत येणारी वीज कमीजास्त झाली तरी पुढं जाताना ती सरळ ठेवायची, हे त्याचं काम. ते करताना तो तव्यासारखा तापतो. म्हणून त्याची पाठ अॅल्युमिनियमच्या जाड पट्टीला स्क्रूनं आवळतात, म्हणजे उष्णता पट्टीत पसरते. पण या रेग्युलेटरची पाठ धातूची, आणि त्या पाठीवर शंभराच्या वर व्होल्ट खेळत असतात. पट्टी लागलेली मॉनिटरच्या सांगाड्याला, आणि सांगाडा पेटीच्या पुढच्या पत्र्याला. म्हणून मध्ये अभ्रकाचा पातळ, पारदर्शक तुकडा घालायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट लावायची. मग उष्णता जाते, करंट अडतो.

बाजारात तयार तुकडे मिळतात, रेग्युलेटरच्या बरोबर मापाचे. अण्णांना ते पटत नसत. ते जुन्या इस्त्रीतला अभ्रक सोडवून घेत आणि स्वतः कात्रीनं कापत, चारी बाजूंनी तांदळाच्या दाण्याएवढा मोठा. "कडेवर धूळ बसते, ओल धरते," ते म्हणत. "तांदळाएवढं अंतर राहू दे. करंटला उडी मारता येऊ नये." हुबळीत असा अभ्रक कापणारा दुसरा माणूस नव्हता. बाकीचे मेकॅनिक त्यावरून हसत. अण्णाही हसत, आणि पुढचा तुकडा तसाच कापत.

आणि तेच अण्णा म्हणतात, नसेल लावला!

रात्रीची भाकरी थापताना स्वयंपाकघरात आई आणि अनिशदादा हळू आवाजात बोलत होते. उत्तरा ताटं घेत होती, तिला सगळं ऐकू आलं. दादाचं इंजिनिअरिंग नुकतंच संपलेलं. रविवारी संजीवकाकांच्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर गेमिंगचे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. ते जोडलेही त्यानंच होते.

"आई, अण्णांना आता थांबवायला हवं. तुझे वडील आहेत म्हणून तू बोलत नाहीस. साधं प्लास्टिक सोलायचंसुद्धा राहतं त्यांच्याकडून, मी स्वतः बघितलंय."

आई अनितानं सुस्कारा सोडला. "परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. आणि गेल्या महिन्यात दुकानाला कुलूप न लावता देवळात गेले. काय बोलू मी?"

"बाबांना फोन कर. गोव्याहून ते तरी सांगतील."

उत्तराला इतका राग आला की तिनं ताटं आपटली.

मंगळवारी संजीवकाका स्वतः घरी आले. चहा घेतला नाही. टाइप केलेला एक कागद टेबलावर ठेवला. 'मॉनिटरमध्ये अभ्रक बसवायचा माझ्या हातून राहून गेला. झालेल्या अपघाताला मी जबाबदार आहे.' खाली सहीची जागा.

"मुकुंदअण्णा, मला तुमच्यावर केस करायची नाही. कुसुमच्या घरच्यांना कुणीतरी उत्तर द्यायला हवं एवढंच. रविवारी चारला येतो. सही असली तर हा विषय इथंच संपला. नसली, तर मग पोलीस बघतील."

अण्णांनी पेनासाठी खिसा चाचपला. उत्तरानं कागद उचलून घडी केली आणि सरळ आपल्या भूमितीच्या वहीत घातला.

"रविवारी म्हणालात ना काका? मग रविवारपर्यंत हा माझ्याकडं राहील."

"काय गं, तू वकील का?"

"अजून नाही."

संजीवकाका हसले. अण्णा हसले नाहीत. काका गेल्यावर ते म्हणाले, "कशाला थांबवलंस? मला झोप लागत नाही, बाळ. सही केली तर लागेल."

म्हणजे तिच्याकडं पाच दिवस होते, आणि ज्याच्यासाठी धडपडायचं त्याचाच स्वतःवर विश्वास नव्हता.

३

बुधवारी शाळा सुटल्यावर ती दवाखान्यात गेली. कुसुमक्का खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये, त्यातून बाहेर आलेली बोटं काळसर.

"मुकुंदअण्णांची नात ना तू? ये, कूतको," तिनं खाटेवर जागा करून दिली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि उत्तरानं पाठ करून आणलेली वाक्यं तिथंच राहिली. वक्तृत्वात असलं काही शिकवत नाहीत.

"दुखतं का अक्का?"

"दुखत नाही, तेच वाईट म्हणतात डॉक्टर. बघ." तिनं बोटं हलवायचा प्रयत्न केला. अंगठा थोडा हलला. "पहाटे खानावळीसाठी शंभर भाकऱ्या थापते मी, मग कॅफेची सफाई. शंभर! आता मुलगी थापते. तिच्या फाटतात."

उत्तराला पुढचं विचारायची लाज वाटली, पण विचारलं. "अक्का, ते मशीन तू रोज पुसायचीस?"

"रोज. दुरुस्त होऊन आलं तेव्हापासून. तीन आठवडे झाले असतील."

"ओल्या फडक्यानं?"

"मग काय कोरड्या? आधी बटण चालू करायचं, मग पुसायचं. चालू असलं की काचेवरचे बोटांचे डाग दिसतात. पायात चप्पल नाही, फरशी ओली. रोज हेच."

"आणि तीन आठवड्यांत कधी झिणझिण्या? थोडासा झटका?"

"इल्ल. काही नाही."

उत्तरा उठून उभीच राहिली. अभ्रक पहिल्यापासून नसता, तर कुसुमक्का तीन आठवड्यांपूर्वी, पहिल्याच सकाळी पडली असती!

"अक्का, सोमवारी मशीन रोजच्यासारखंच होतं?"

कुसुमक्कानं डोळे मिटून आठवलं. "फॅन नव्हता. रविवारी दुपारी ते फार तापत होतं, चित्र थरथरत होतं. संजीवण्णांनी मागं टेबलफॅन लावला होता. सोमवारी फॅन तिथून काढून ठेवलेला होता आणि चित्र छान होतं. मला वाटलं, चला, आपोआप बरं झालं."

आपोआप! मॉनिटर म्हणजे काय सर्दी आहे?

रविवारी दुपार ते सोमवार सकाळ. तेवढ्यात कुणीतरी ती पेटी उघडली होती.

४

शनिवारी अर्धी शाळा. उत्तरा बसनं उणकलला उतरली आणि सरळ कॅफेत शिरली. तिसऱ्या पेटीवर चादर टाकलेली. गल्ल्याजवळच्या खिळ्याला पेट्यांच्या किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता, कुणीही हात घालावा असा.

"काका, रविवारी हे मशीन कुणी उघडलं?"

"कुणी नाही," संजीवकाका म्हणाले. "आम्ही काय मेकॅनिक आहोत?"

"मग चित्र थरथरायचं कसं थांबलं?"

"थांबलं, बस्स. रात्रभर गार झालं असेल. उत्तरा, तू हुशार आहेस, पण आजोबांचं वय झालं हे मान्य कर की. मलाही वाईट वाटतं."

"कुसुमक्काला बघायला गेला होतात?"

ते बिलाचं पुस्तक उलटसुलट करू लागले. "जाणार आहे."

भीमसेन मागच्या भिंतीपाशी बोर्ड बसवत होता. उत्तराचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. नवा बोर्ड तीन भोकांचा. काढून ठेवलेला जुना दोन भोकांचा.

"मामा, हे आत्ता का बदलताय?"

"जुनं झालं होतं."

"जुनं? कॅफे दोन वर्षांचं आहे." तिचा आवाज आपोआप चढला. "दोन भोकांचा बोर्ड म्हणजे अर्थिंग नाही. अर्थिंग असतं तर अभ्रक नसतानाही फ्यूज उडाला असता, पत्रा मेला असता आणि कुसुमक्का आज भाकऱ्या थापत असती! तुम्हीच पेटी सगळ्यांच्या आधी उघडलीत. तुमची चूक झाकायला तुम्हीच अभ्रक काढला आणि अण्णांच्या नावानं ओरडलात!"

भीमसेननं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता.

"अर्थिंगचं म्हणशील तर खरं आहे. संजीवण्णा म्हणाले, भिंत पुन्हा फोडू नको, पेंट झालाय. मी ऐकलं. ते माझं पाप, मी नाही म्हणत नाही. पण अभ्रक? नोड इल्ली, इकडं बघ." त्यानं खिशातून मोबाइल काढला. "दार उघडल्याबरोबर मी फोटो मारला, कशालाही हात लावायच्या आधी. उद्या कुणी माझ्यावर घालू नये म्हणून. रेग्युलेटरचा स्क्रू निघालेला होता आणि तो पट्टीवरून सुटून लोंबत होता, धक्क्यानं असेल. म्हणून तर मागची जागा दिसली मला. बघ, नऊ एकतीस. मला निरोप आल्यापासून सात मिनिटंसुद्धा झाली नव्हती."

उत्तरानं फोटो मोठा केला. कोपऱ्यात उलटलेली बादली दिसत होती. मध्ये अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर पेस्टची खूण.

खूण दोन रंगांची होती. बाहेर पांढऱ्या, वाळलेल्या पेस्टची बारीक चौकट, सरळ कडांची. आतला भाग मात्र पुसून काढलेला आणि त्यावर रेग्युलेटरच्याच मापाचा, ताजा, ओलसर, राखाडी थर.

पांढरी चौकट राखाडी थरापेक्षा मोठी होती. चारी बाजूंनी, तांदळाच्या दाण्याएवढी.

"मामा," ती कशीबशी म्हणाली, "हा फोटो मला पाठवता?"

अभ्रक तिथं होता. अण्णांचाच होता, त्यांच्याच कात्रीचा. जिंकली होती ती! आणि तरी तिनं फोटो पुन्हा मोठा करून बघितला, कारण तो राखाडी रंग तिनं पाहिलेला होता.

५

तो रंग घरातच होता. दादाच्या खणात, इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीत.

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर पंखा बसवताना मध्ये तीच राखाडी पेस्ट लावतात. दादानं तिला एकदा दाखवलं होतं, मोठ्या मायेनं. "हे बघ उत्तू, नव्या पंख्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते आधी सोलायचं. न सोलता बसवलं तर उष्णता अडकते. शिकाऊ लोक हमखास विसरतात."

साधं प्लास्टिक सोलायचंसुद्धा राहतं त्यांच्याकडून.

सोमवारी रात्री दादा हे आईला सांगत होता आणि ती ताटं आपटत होती. सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं, आणि रागाच्या भरात तिनं ते ऐकून सोडून दिलं होतं. छान डिटेक्टिव्ह!

रविवारी दुपारी दीडला दादा गच्चीवर बॅगेची चेन दुरुस्त करत बसला होता. बुधवारी नोकरीसाठी बेंगळूरला निघायचं होतं. उत्तरानं मोबाइल त्याच्यासमोर धरला. त्यानं फोटो बघितला. काय आहे, असं विचारलंसुद्धा नाही.

"प्लास्टिक वाटलं तुला?" ती म्हणाली.

चेनवरचा त्याचा हात थांबला. "दोन्ही बाजूंना पेस्ट आणि मध्ये पारदर्शक कागद. मला वाटलं, अण्णा सोलायचं विसरले. रविवारी वरची गेमिंगची स्पर्धा संपल्यावर दहा मिनिटं होती. काढला, पुसलं, माझी पेस्ट लावली. चित्र लगेच स्थिर झालं. मला इतका आनंद झाला होता, उत्तू. अण्णांना सांगणारसुद्धा नव्हतो. म्हटलं, कशाला त्यांना वाईट वाटायला हवं."

"आम्हाला सांगितलंस की. विसरतात म्हणून."

तो पुन्हा चेन ओढू लागला.

"हे नकळत झालं, दादा. ते मी समजू शकते. पण कळलं कधी?"

त्यानं बॅग बाजूला सारली. मग म्हणाला, "मंगळवारी. संजीवकाकांच्या कागदात अभ्रक शब्द वाचला आणि शंका आली. तो दिसतो कसा, ते मोबाइलवर बघितलं."

मंगळवारी! म्हणजे पाच दिवस हा माणूस अण्णांच्या समोर बसून जेवला. भात वाढून घेतला. अण्णा पाण्याचा तांब्या शोधत होते तेव्हा आईकडं बघून डोळ्यांनी खूण केली, बघितलंस ना, म्हणून.

"अण्णांचं काय जाणार आहे?" दादा एकदम म्हणाला. "दुकान तसंही ते बंद करणारच होते. माझी अजून सुरुवात आहे. तू लहान आहेस, तुला नाही कळत."

"चार वाजता संजीवकाका येतील," उत्तरा म्हणाली. "तोपर्यंत तू सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

ती जिना उतरली. खालच्या पायरीवर आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आईनं उत्तराचं मनगट धरलं आणि असं काही बोलली, जे आईनं बोलायला नको होतं.

"त्यांना आठवतच नाहीये गं. मग त्यांना काय फरक पडतो?"

६

चार वाजून पाच मिनिटांनी संजीवकाका आले. अण्णा धुतलेला सदरा घालून, पेन हातात घेऊन बसले होते. दादाच्या खोलीचं दार बंद. उत्तरानं त्या दाराकडं बघत शंभर मोजले. आणखी शंभर मोजले. दार उघडलं नाही.

"कागद?" काका म्हणाले.

"देते. आधी दोन मिनिटं ऐका."

"उत्तरा, गप्प बस," आई म्हणाली.

ती गप्प बसली नाही. कुसुमक्का तीन आठवडे ओल्या फडक्यानं पुसत होती ते सांगितलं. हटवलेला फॅन सांगितला. भीमसेनचा फोटो टेबलावर ठेवला आणि पांढऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. "हुबळीत एवढा मोठा अभ्रक एकच माणूस कापतो. तो इथं होता. रविवारी कुणीतरी काढला आणि ही राखाडी पेस्ट लावली. ही पेस्ट अण्णांच्या दुकानात नाही. तुमच्या वरच्या मजल्यावर आहे."

संजीवकाकांना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी बंद दाराकडं बघितलं.

"अनिश?"

"दादानं प्लास्टिक समजून काढला. मुद्दाम नाही."

उत्तराला वाटलं होतं, आता काका अण्णांची माफी मागतील. निदान उठून उभे तरी राहतील. त्यांनी कागद हातात घेतला, वरून खाली वाचला आणि म्हणाले, "ठीक आहे. मग नाव बदलून आणतो."

"आणि अर्थिंगचा कागद?" उत्तराचा आवाज फाटला. "तो कोण लिहिणार? भिंत फोडू नको म्हणून कोण म्हणालं होतं? भीमसेनमामा सांगायला तयार आहेत."

काकांचा चेहरा कसा झाला ते तिनं नीट बघून ठेवलं. त्यांनी कागदाची घडी घातली, ती खिशात गेली आणि ते उठले. "बघू. बोलू नंतर," म्हणत जिना उतरले. तो कागद पुन्हा कधी आला नाही, अनिशच्या नावानं नाही आणि कुणाच्याच नाही.

मग दार उघडलं. दादा बाहेर आला. "अण्णा, मी सांगणार होतो," तो म्हणाला.

अण्णा फोटो बघत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "कुसुमकडं जा आधी," एवढंच म्हणाले. "तिला सांग. मला नंतर."

दादा गेला, त्याच संध्याकाळी. कुसुमक्कानं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग माझा हात बरा होईल का? बुधवारी तो बेंगळूरला गेला. जाताना उत्तराला हाक मारली नाही. आईनं पोळ्यांचा डबा बांधून दिला आणि आठवडाभर उत्तराशी फक्त कामापुरतं बोलली.

पण अण्णा सुटले होते! त्यासाठी हे सगळं परवडलं, असं उत्तरानं स्वतःला बजावलं. गुरुवारी शाळेतून येताच ती गाळ्यात गेली. अण्णा टेबल आवरत होते. सोल्डरिंग आयर्न वायर गुंडाळून ठेवलेलं, मीटर डब्यात. दुरुस्तीला आलेले सहा सेट दाराशी ओळीनं मांडलेले.

"अण्णा, हे काय? चूक तुमची नव्हती. सिद्ध झालं ना?"

"झालं की. छान केलंस. चौकोन माझाच, मी ओळखला." त्यांनी तिला स्टुलावर बसवलं. "पण बाळ, मला अजून आठवत नाही."

"काय?"

"तो अभ्रक कापल्याचं. लावल्याचं. फोटो बघून मी चार दिवस आठवतोय. काहीच येत नाही. तू म्हणालीस लावला, म्हणून मी मानतो. तू म्हणाली असतीस नाही लावला, तर तेही मानलं असतं. आठ दिवस मानलंच होतं." ते स्वतःच्या हातांकडं बघत होते. "आपल्या हातांनी काय केलं ते ज्याला दुसऱ्यानं सांगावं लागतं, त्यानं शंभर व्होल्टला हात लावू नये."

"मी बसेन तुमच्याशेजारी. प्रत्येक स्क्रू मी तपासेन. मी लिहून ठेवेन!"

"तुझी दहावी आहे."

"मग दहावीनंतर."

एक सेट अण्णांनी उचलला, एक तिच्या हातात दिला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून त्यांनी सहाही सेट परत केले. केशवापुरातली चार घरं, स्टेशन रोडचं एक दुकान, अमरगोळला एक. प्रत्येक दारात लोकांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं: अच्छा, हे तेच अण्णा. प्रत्येक दारात उत्तरा तोंड उघडायची, की त्यांची चूक नव्हती, माझ्याकडं फोटो आहे. आणि प्रत्येक दारात अण्णा तिच्या आधी बोलायचे.

"मला जमत नाही आता," म्हणायचे, आणि सेट उंबऱ्याच्या आत ठेवायचे.